सहाशे वर्षांचं दार, दहा दिवसांचं उपोषण

चोखोबांवर आळ आला तो हाराचा. विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा, असा जाब बडव्यांनी, म्हणजे विठ्ठलाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, विचारला, उत्तराची वाट न पाहता मारलं आणि देव बाटवलास म्हणून शिव्याही दिल्या. हे कुणा इतिहासकाराने कागदपत्रांतून शोधून काढलेलं नाही. चोखोबांच्या नावाच्या अभंगातच ते आहे. अभंग विठ्ठलाला हाक घालून सुरू होतो: लवकर ये, हे मला मारताहेत, माझा अपराध तरी काय? माणसांच्या न्यायावरचा भरवसा उडालेला आहे, देवावरचा मात्र तसूभरही ढळलेला नाही, अशी ती हाक आहे.

चौदाव्या शतकातला हा माणूस, संत चोखामेळा, मंगळवेढ्याचा, जातीने महार. पंढरपूर तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. वाट्याला आलेलं काम मेलेली गुरं ओढण्याचं आणि गावकीच्या वेठीचं. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. घरातले पाचही जण अभंग रचणारे. अशी घरं मराठीत फार नाहीत. चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि ते सगळे एका सुरात नाहीत. कुठे ते आपल्या जन्माला पूर्वकर्माचं फळ मानतात, कुठे उसाच्या वाकडेपणाकडे बोट दाखवून रसाबद्दल विचारतात. सोयराबाई त्यांच्याही पुढे जातात. विटाळ देहात असेल, तर विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा, असा त्यांचा सवाल आहे. कर्ममेळ्याचा सूर आणखी तिखट. देवाने आपल्याला या जातीत जन्माला का घातलं, याचा हिशेब तो देवाकडेच मागतो.

या कुटुंबाबद्दल जो निवाडा झाला होता, तो त्यांना पाहून, ऐकून, तपासून झालेला नव्हता. जन्म झाला त्याच क्षणी तो लागू झाला होता.

संतचरित्रकार महिपतींनी ‘भक्तविजया’त एक कथा सांगितली आहे. चोखोबांना हुसकून चंद्रभागेपलीकडे घालवल्यावर विठ्ठल त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला. एके दिवशी जेवताना सोयराबाईंच्या हातून दही सांडलं आणि ते देवाच्या पीतांबरावर उडालं. चोखोबा विठ्ठलाशी बोलत होते. तिथून जाणाऱ्या पुजाऱ्याला वाटलं हा आपल्यालाच टोमणे मारतोय, म्हणून त्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली. परत देवळात येऊन पाहतो, तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दह्याचा डाग. ही दंतकथा आहे हे सांगायला नको. पण ती कुणी सांगितली, कुणी जपली आणि पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनातून कुणी ऐकली, हा इतिहास आहे. कथा ऐकताना ज्यांचे डोळे भरून येत, तेच लोक कीर्तन संपल्यावर चोखोबांच्या जातीच्या माणसाला देवळाच्या पायरीवर अडवत होते.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली वेठीचे मजूर गाडले गेले. चोखोबा त्यांत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ढिगाऱ्यातून नेमक्या चोखोबांच्या अस्थी कशा ओळखल्या, तर त्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता, असं परंपरा सांगते. समाधी आजही तिथेच आहे, नामदेव पायरीच्या समोर, रस्त्याच्या अल्याड. आणि पुढची सहाशे वर्षं अस्पृश्यांची पंढरी त्या समाधीपाशी संपत होती. सोळखांबीतल्या गरुडखांबाला मिठी मारायची, चौखांबी ओलांडायची, गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचं, हे सगळं बाकीच्यांसाठी होतं. अस्पृश्यांच्या वाट्याला कळसाचं दर्शन.

पंढरपूरचं वेगळेपण इथेच आहे. अनेक मोठ्या देवळांत सामान्य भक्ताला मूर्तीच्या जवळही जाता येत नाही. विठ्ठलाचं तसं नाही. इथे कुणब्याने, शिंप्याने, सोनाराने, माळ्याने थेट पायांना हात लावायचा, अशी रीत. ज्या देवळाने जवळीक इतकी मोकळी केली होती, तिथे काहीजणांना दाराबाहेर ठेवणं हे इतर कुठल्याही देवळापेक्षा जास्त लागणारं होतं. तरीही आषाढी-कार्तिकीला ही माणसं येत राहिली. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीत त्यांच्या दिंड्या होत्या. पायी चालायचं, चंद्रभागेत स्नान करायचं, चोखोबांच्या समाधीला डोकं टेकायचं आणि परतायचं. त्यांची श्रद्धा भोळी होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सहाशे वर्षं अपमान होत असताना देव आपलाही आहे हा दावा न सोडणं याला भोळेपणा म्हणता येत नाही. तो एक फार चिवट दावा होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दाव्याला नवे आवाज मिळाले. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी चोखोबांच्या नावाने नाटक लिहिलं आणि पुढे ‘चोखामेळा’ नावाचं पत्रही काढलं. १९२० च्या सुमारास गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्यांना गावात उतरायला जागा मिळत नसे. गाडगेबाबा स्वतः देवळात जाण्याच्या फंदात पडत नसत, चंद्रभागेचं वाळवंट झाडत. पण निवाऱ्याचं काम त्यांनी हातात घेतलं.

मग सत्याग्रहांचं पर्व आलं. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं, १९२९ मध्ये पुण्याची पर्वती, २ मार्च १९३० पासून नाशिकचं काळाराम मंदिर. पर्वतीवर सत्याग्रह्यांना दगडधोंडे खावे लागले. त्यांच्यात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी तरुण पोरं होती. नाशिकचा लढा दादासाहेब गायकवाडांनी पाच वर्षं धरून ठेवला, तरी काळारामाचं दार उघडलं नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गायकवाडांना स्पष्ट लिहिलं की मूर्तिपूजेसाठी मंदिरप्रवेश हवा म्हणून हा लढा नव्हताच. आता शक्ती शिक्षण आणि राजकारण यांत लावावी, असा त्या पत्राचा रोख होता. १९३५ च्या ऑक्टोबरात त्यांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि त्यांच्यापुरता तो प्रश्न मिटला.

त्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई आंबेडकर गेल्या. त्यांना पंढरपूरला जायची फार ओढ होती. बाबासाहेबांनी त्यांना नेलं नाही. ज्या पंढरीत आपल्याला दारापासून हटकलं जाईल तिथे कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभारू, असं ते म्हणाल्याचं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. एकाच घरातल्या दोघांच्या मनांत या दाराबद्दल किती वेगळं चाललेलं होतं! बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता, माणसाची किंमत दारावर ठरत नाही हे त्यांना आपल्या लोकांना शिकवायचं होतं. पण रमाबाईंसारख्या लाखो बायाबापड्यांची ओढही खरी होती. त्या ओढीला देशातल्या सवर्ण समाजाने उत्तर देणं बाकी होतं. ते देणं सवर्णांनीच फेडायला हवं होतं.

हे ज्याला मनापासून पटलं तो माणूस योगायोगाने पांडुरंग नावाचा होता. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातला शिक्षक, १९३० साली नोकरी सोडून कायदेभंगात उतरलेला. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेणारे ते, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे ते. महाराष्ट्राने त्यांच्यावर प्रेम केलं आणि त्याचबरोबर त्यांचं हसूही केलं. रडवा, हळवा, लहान मुलांचा लेखक, राजकारणात ज्याचं काय काम असा मऊ माणूस, अशी त्यांची प्रतिमा होती. स्वतः साने गुरुजी ती पुसायच्या फंदात पडले नाहीत.

१९४६ च्या कार्तिकी यात्रेच्या सुमारास त्यांनी जाहीर केलं की पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून आपण प्राणांतिक उपोषण करणार. (हरिजन हा त्या काळचा शब्द. पुढे ज्यांच्यासाठी तो वापरला गेला त्यांनीच तो नाकारला.) मित्र हादरले. सेनापती बापट आणि इतरांनी त्यांना गळ घातली की आधी लोकांकडे जा, लोकमत तयार करा, मग बघू. गुरुजींनी सहा महिन्यांची मुदत मान्य केली. १ मे १९४७ ही तारीख ठरली.

पुढचे महिने हा माणूस महाराष्ट्रभर फिरला. सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, पोवाडे, गाणी, सभा आणि मुळशी सत्याग्रहाचे वृद्ध सेनापती बापट. गावात पोचल्यावर गुरुजी आधी विहिरीचं आणि देवळाचं विचारत. अनेक गावांत त्यांच्या सभेनंतर तिथल्या तिथे पाणवठे खुले झाले, देवळं उघडली. त्यांचा हिशेब सरळ होता: पंढरपूर उघडलं की महाराष्ट्रातल्या बाकीच्या देवळांना दार लावून बसायला कारण उरणार नाही. गावोगावी ज्या मूर्तीचं नाव ओठांवर आहे, तिच्यापाशीच हा प्रश्न सोडवायचा.

काळ कसा होता हे लक्षात घेतलं तर त्या हट्टाची किंमत कळते. १९४६ च्या शेवटी नोआखालीत रक्तपात चालू होता आणि गांधीजी तिथे पायी फिरत होते. मार्चमध्ये माउंटबॅटन आले. फाळणी होणार की नाही, झाली तर कशी, याखेरीज वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं. अशा वेळी देवळाचं काय घेऊन बसलात, असं गुरुजींना समाजवादी मित्रांपैकीही काहीजण विचारत होते. दलितांतले शिकलेले तरुण दुसऱ्या बाजूने विचारत होते: आम्ही हा देव केव्हाच सोडला, तुम्ही कुणासाठी मरताय? आणि सनातन्यांचं म्हणणं होतं की हे सगळं निवडणुकीचं राजकारण आहे. तिन्ही बाजूंनी त्यांच्या हेतूचा अर्थ चुकीचा लावला जात होता. गुरुजींचं उत्तर एवढंच होतं की स्वातंत्र्य येतंय, ते येताना आपल्या घराच्या दारात आपलीच माणसं उभी असतील तर ते कुणाचं स्वातंत्र्य?

कायद्याची बाजूही पाहायला हवी. १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा केला होता, पण तो परवानगीचा होता. विश्वस्तांना वाटलं तर ते दार उघडू शकतील, एवढंच त्यात होतं. पंढरपूरच्या बडव्यांना नऊ वर्षांत तसं वाटलं नव्हतं. दिल्लीत मात्र गोष्टी वेगाने पुढे सरकत होत्या. २९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम तत्त्वतः मान्य केलं. त्यानंतर दोनच दिवसांनी पंढरपुरात साने गुरुजींनी अन्न सोडलं.

पंढरपुरात त्यांना जागा देणार कोण, हाच आधी प्रश्न होता. गावात मठांची कमतरता कधीच नव्हती. पण बडव्यांचा रोष पत्करून हा वाद आपल्या दारात घ्यायला तयार झाले ते तनपुरे महाराज. ते स्वतः वारकरी, परंपरेतले. त्यांच्या मठात गुरुजींची खाट टाकली गेली. या एका निर्णयासाठी तनपुरे महाराजांचं नाव आज जितकं घेतलं जातं त्यापेक्षा पुष्कळ जास्त घेतलं जायला हवं. चळवळीतल्या माणसाने उपोषण करणं वेगळं आणि ज्याचं सगळं आयुष्य त्या गावाच्या, त्या परंपरेच्या आधाराने चाललेलं आहे, त्याने आपलं दार उघडणं वेगळं.

सोलापूर जिल्ह्यातला मे महिना. मठात भेटायला येणाऱ्यांची रीघ, बाहेर घोषणा. विरोधकांनीही घोषणा तयार केली होती, आणि ती हिंदीत होती: साने, भीमेपार चालते व्हा, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा अर्थाची. पंढरपुरातली चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि चोखोबांनाही भीमेपारच घालवलं होतं. सहाशे वर्षांनी धमकीतली जागासुद्धा बदललेली नव्हती. आचार्य अत्र्यांसारखे वक्ते गुरुजींच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यासारखा फर्डा माणूस ज्या सभेत उभा राही, त्या सभेची बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रांतात जात असे.

सगळ्यात कठीण क्षण विरोधकांनी आणला नाही. तो आला दिल्लीहून, तारेने. गांधीजींनी गुरुजींना उपोषण सोडायला सांगितलं. पंढरपुरात नेमकं काय चाललंय, बडव्यांची भूमिका काय आहे, याबद्दल त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती अपुरी होती. कायदा येतोच आहे, मग प्राण पणाला लावण्याचं कारण नाही, असा समज होणं स्वाभाविक होतं. पण साने गुरुजींसाठी गांधी हे फक्त नेते नव्हते, त्यांच्या सगळ्या विचारांचा तो आधार होता. ज्याला आपण गुरू मानतो त्यानेच आपल्याला चुकीचं ठरवावं आणि तेही अर्ध्या माहितीवर, यापेक्षा एकटं पडणं काय असतं? भोवतालच्या कार्यकर्त्यांना वाटलं, आता गुरुजी थांबतील.

ते थांबले नाहीत. नम्रपणे, पण स्पष्टपणे त्यांनी नकार कळवला. ज्याला महाराष्ट्र रडवा म्हणत होता, त्याने त्या वेळी गांधीजींनाही नाही म्हटलं. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या घटनांत ही घटना मोठी मानायला हवी, तुरुंगवासांपेक्षाही. तुरुंगात जाताना सगळा देश पाठीशी होता. इथे नव्हता.

पडद्यामागे हालचाली चालू होत्याच. केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. बडव्यांमध्येही सगळे एका मताचे नव्हते. काहींना काळाची दिशा दिसत होती, काहींना मालकीहक्काच्या दाव्यांची आणि कोर्टकचेरीची काळजी जास्त होती. देवळातल्या सेवेचे आणि उत्पन्नाचे हक्क बडवे, उत्पात आणि सात सेवाधाऱ्यांमध्ये वाटलेले होते. त्यावरून आपसात जुने खटले होते. म्हणजे धर्म बुडेल या ओरडीमागे हिशेबाच्या वह्याही होत्या, हे त्या वेळच्या लोकांनाही दिसत होतं. अखेर मंदिर हरिजनांना खुलं करायला बडव्यांनी संमती दिली आणि १० मे १९४७ रोजी गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई सरकारचा नवा मंदिरप्रवेश कायदा झाला. विश्वस्तांच्या मर्जीचा प्रश्न त्यात उरला नाही. आता तो हक्क होता.

ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी एक विलक्षण उपाय काढला. मूर्तीतलं देवाचं तेज मंत्राने पाण्यात उतरवून घेतलं आणि ते पाणी घागरीत भरून ठेवलं. आता देवळात राहिलाय तो नुसता दगड, खरा विठ्ठल घागरीत आहे, असा त्यांचा दावा. काहींनी त्यानंतर आयुष्यभर देवळात पाऊल टाकलं नाही. हे सगळं विद्वान, शास्त्र जाणणाऱ्या माणसांनी केलं. चोखोबांच्या जातीचा माणूस पायांवर डोकं ठेवेल म्हणून देवच काढून न्यायचा, यापेक्षा त्या श्रद्धेचा मोठा पराभव दुसरा कोणता? ज्यांच्यावर सहाशे वर्षं देव बाटवल्याचा ठपका होता त्यांनी देव कधी सोडला नाही. तो सोडला राखणदारांनी.

मंदिर खुलं झाल्यावर जे लोक पहिल्यांदा महाद्वारातून आत गेले, त्यांच्यात असे म्हातारे-म्हाताऱ्या असणार ज्यांनी जन्मभर समाधीपासूनच परत फिरण्याची सवय करून घेतली होती. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. उपोषणाचा इतिहास पुढाऱ्यांच्या नावांनी भरलेला आहे, पण तो ज्यांच्यासाठी घडला त्यांच्या तोंडचं एकही वाक्य सहज हाताला लागत नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची मोठी उणीव आहे.

दार उघडलं म्हणून सगळं सरळ झालं, असं मात्र नाही. त्याच सुमाराला इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिलं आहे की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतींना बसत आणि ते पाहून त्या कष्टी होत. ज्ञानेश्वरांच्या पालखीत दलितांच्या दिंड्या घोड्यांच्या पुढे, वेगळ्या चालत. गाभारा उघडला होता, पंगत उघडायची होती.

आणि बाबासाहेब? १९४८ साली त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्पणपत्रिकेत तीन नावं आहेत: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ज्याने विठ्ठलाची पूजा नाकारली, त्याने विठ्ठलाच्या या भक्ताला विसरणं नाकारलं. पुढच्याच वर्षी गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. जिथे वारकरी उतरत, तिथे दलित विद्यार्थ्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय झाली. साने गुरुजींचं उपोषण आणि बाबासाहेबांचं शिक्षण या दोन वाटा एकमेकींच्या विरोधातल्या म्हणून नेहमी सांगितल्या जातात. पंढरपूरच्या या एका इमारतीत त्या एकत्र येतात. चोखोबांच्या जातीबद्दलचा निवाडा खोटा होता हे दोघांनीही सिद्ध करायला घेतलं होतं. एकाने निवाडा देणाऱ्यांच्या दाराशी बसून, दुसऱ्याने निवाडा सोसणाऱ्यांच्या हाती पुस्तक देऊन. यातल्या दुसऱ्या वाटेने जास्त माणसं पुढे गेली, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. पण पहिली वाट चालली नसती, तर सवर्ण महाराष्ट्राला स्वतःच्या तोंडाकडे पाहायला जागा उरली नसती.

गुरुजी त्यानंतर तीनच वर्षं जगले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. गांधीहत्येच्या घावातून ते सावरले नाहीत. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या हळवेपणाबद्दल हसणाऱ्यांना तेव्हाही काही सापडलं असेल. पण १९४७ च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात जे घडलं, ते हळव्या माणसाचंच काम होतं. दुसऱ्याचा अपमान स्वतःच्या अंगावर झेलल्यासारखा ज्याला लागतो, तोच त्यासाठी उपाशी राहतो.

देवळाची मालकी हा प्रश्न मात्र आणखी पुष्कळ वर्षं कोर्टात चालला. १९७० साली न्या. नाडकर्णी आयोगाने आपला अहवाल दिला, १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. त्याविरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जानेवारी २०१४ मध्ये तिचा निकाल लागला आणि हक्क संपले ते संपलेच राहिले. त्याच वर्षी मंदिर समितीने विठ्ठल-रुक्मिणीच्या पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. निवड झालेल्यांत ब्राह्मणेतर होते, स्त्रियाही होत्या. रुक्मिणीच्या मूर्तीला स्नान घालण्याचा आणि तिची पूजा करण्याचा अधिकार शतकांनंतर एका स्त्रीच्या हाती आला.

पंढरपूरला जाणाऱ्यांना एक विनंती आहे. दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबा, तिथून महाद्वार किती पावलांवर आहे ते पाहा. गावात तनपुरे महाराजांच्या मठाचा पत्ता विचारा आणि तिथेही जाऊन या. आणि घरी परतल्यावर सोयराबाईंचे, कर्ममेळ्याचे अभंग वाचा. ‘सकलसंतगाथे’त ते छापलेले आहेत, आणि फार थोड्या घरांत ते कुणी उघडून पाहिले आहेत.